बारदान

गिरणीचा पहिला भोंगा वाजला तेव्हा मोरोपंत जागेच होते. भोंग्याने जाग येण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. कित्येक वर्षे ते त्याच्या थोडे आधी उठत आणि अंथरुणात पडून त्याची वाट पाहत. भोंगा झाला की उजव्या कुशीवरून उठायचे, चादरीची चौघडी करायची, न्हाणीत जाऊन राखुंडीने दात घासायचे, तांब्याभर पाणी पोटात ढकलायचे, मग खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करायची. आधी डावा गाल, मग उजवा, शेवटी हनुवटीखालची सैल पडत चाललेली कातडी दोन बोटांनी ताणून. त्या दिवशीही सगळे तसेच झाले. धोतराचा सोगा खोचून त्यांनी खुंटीवरच्या काळ्या टोपीकडे हात नेला आणि रोजच्यासारखा तो अर्ध्यातून मागे घेतला. गिरणीतून निवृत्त होऊन महिना होत आला होता, पण हाताला ते अजून कोणी सांगितले नव्हते. दाराशी आदल्या दिवशीच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या शांतीचे केळीचे खांब माना टाकून उभे होते. कोपऱ्यात होमाची राख पाण्यात कालवली गेली होती. सगळ्या घराला करपलेल्या तुपाचा, कोमेजल्या झेंडूचा आणि आणखी कशाचा तरी वास होता. तो तिसरा वास मोरोपंतांना कालपासून ओळखू येत नव्हता.

ताराबाईंनी चहा आणला आणि त्या समोर बसल्या. हे रोजचे नव्हते. सकाळच्या चहाला त्या कधी बसत नसत; कप ठेवून पाठमोऱ्या होत. त्यांनी दाराकडे एकदा पाहिले, मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "आता सांगते. काल सांगायचं नव्हतं." आणि पदर बाजूला करून त्यांनी चोळीच्या आत ठेवलेली जुन्या धोतराची घडी काढली. घडी चिकटली होती. ती सोडवताना त्यांचा ओठ किंचित हलला.

मोरोपंतांनी पाहिले, आणि त्याच क्षणी त्यांना कळले की तो तिसरा वास कुठला होता.

त्यांच्या पोटातून जे वर आले ते दुःख नव्हते. पुढे पुष्कळ वेळा त्यांनी स्वतःला बजावून पाहिले की ती भीती होती, धक्का होता. पण तसे नव्हते. ती सरळ सरळ किळस होती. ओकारी येते तशी घशापर्यंत आलेली, तोंडात आंबट पाणी आणणारी. चौतीस वर्षे जिच्या हातचे जेवलो त्या बाईच्या छातीवर चिघळलेले ते काळपट, ओले तोंड पाहून त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, आणि वळवताना ताराबाईंनी ते पाहिले. त्यांनी घडी परत जागेवर ठेवली. घाईने नाही, एखादी वस्तू गिऱ्हाइकाला पसंत पडली नाही म्हणून दुकानदार पुन्हा फडताळात ठेवतो तशी. म्हणाल्या, "चहा निवतोय."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गाठ थंडीतच लागली होती. वाटाण्याएवढी, न दुखणारी. अधिक श्रावणात जावयाला धोंड्याचे वाण द्यायला त्या अमरावतीला शैलाकडे गेल्या तेव्हा ती फुटायच्या बेतात होती. शैलाने ओढून एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी हात धुता धुता सांगितले की हा कर्करोग आहे, एक दिवस घालवू नका, नागपूरला नेऊन कापून काढा आणि मग किरणांचे उपचार घ्या. शैला रडली. ताराबाईंनी तिला देवीची शपथ घातली: बाबांची शांत होईपर्यंत अक्षर बोलायचं नाही. शांतीला नवरा-बायको जोडीने बसतात. पुन्हा एकदा माळ घालतात. अंगावर असली जखम घेऊन होमापुढे बसलेले कोणाला चाललं असतं? शांतीच्या पुरोहितांनी, शास्त्रीबोवांनी, शांतच पुढे ढकलली असती, आणि साठीची शांत पुढे ढकलणे म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याशी खेळणे, हे ताराबाईंना शास्त्रीबोवांनी सांगायला नको होते.

"पण तू वेडी आहेस का?" मोरोपंत म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच चिरका वाटला. "अधिकातच सांगितलं असतंस तर गिरणीच्या विम्यातून सगळं झालं असतं!"

"म्हणूनच थांबले होते ना," ताराबाई म्हणाल्या. "मला वाटलं, शांत झाली की सांगावं. साठ पुरी होते त्या महिन्याच्या अखेरपर्यंत नोकरी असते, तेवढ्यात विम्याचं बघता येईल. साठ तर कालच्या वामनद्वादशीला पुरी व्हायची होती."

मोरोपंतांनी कप उचलला, ठेवला. एकतीस ऑगस्टची संध्याकाळ त्यांच्यापुढे उभी राहिली: ते गळ्यात हार घालून गिरणीतून घरी आले होते, काखेत पुठ्ठ्याच्या खोक्यात शाल होती, आणि दारातच ताराबाईंचा चेहरा असा उतरला होता की त्यांना हसू आले होते. "आजच? अहो, पण तिथी तर अजून लांब आहे!" आणि ते मोठ्या आवाजात, शेजारच्यांनाही ऐकू जावे असे म्हणाले होते, "गिरणी काय पंचांगावर चालते होय? इंग्रजी तारखेनं साठ भरली, संपलं. अधिक महिना भटांना. शेठला एकतीस तारीख!" मग ताराबाईंनी विचारले होते, "आणि ते विम्याचं कार्ड?" "परत केलं. ते काय देव्हाऱ्यात पुजायचं होतं?" ते हसले होते. ताराबाई हार घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांना वाटले होते, नवऱ्याची नोकरी संपल्याचे वाईट वाटले असेल. ते थोडे सुखावलेही होते.

आणि काल. काल होमाच्या धुरात, ताराबाई उजव्या हाताला बसल्या असताना, त्यांनी मान झुकवून हलक्या आवाजात विचारले होते, "हा कसला वास येतोय? ती फुलं बदलायला सांग." ताराबाईंनी पदर छातीशी आवळून घेतला होता आणि मंत्र संपेपर्यंत अंग चोरून, पाटाच्या अगदी कडेला बसून राहिल्या होत्या.

दुपारपर्यंत मोरोपंत घरात फिरत राहिले. दोन खोल्यांच्या घरात फिरणार तरी किती. प्रत्येक वस्तू त्यांना ओंगळ वाटू लागली होती: भिंतीवरचे सत्काराचे छायाचित्र, त्यातले आपले समाधानी, तेलकट तोंड, उरलेल्या बुंदीच्या लाडवांवर बसलेल्या माश्या, देव्हाऱ्यातला कालचा नैवेद्य. शांतीचे पौरोहित्य करणारे त्यांचे चुलतभाऊ चिंतामणशास्त्री दक्षिणेचे राहिलेले नारळ न्यायला आले. त्यांना सांगावे लागले. शास्त्रीबोवांनी डोळे मिटले, आणि उघडल्यावर म्हणाले, "परवापासून पितृपक्ष लागतो, मोरोबा. या दिवसांत घरात नवं काही सुरू करू नये. तो सरू दे, मग बघू." नारळांची पिशवी त्यांनी दारापर्यंत नेली आणि बाहेर पडण्याआधी खांद्यावरचे उपरणे नाकाला लावले. ते त्यांच्या नकळत झाले असावे. मोरोपंतांना त्यांच्या अंगावर धावून जावेसे वाटले; आणि लगेच आठवले की सकाळी आपणही खिडकीकडे पाहिले होते.

शेठजींच्या गिरणीत आजार-विमा चालू झाला तेव्हा मोरोपंत नुकतेच हेड टाइमकीपर झाले होते. पगारातून महिन्याला थोडे कापून घ्यायचे. ज्याचे नाव मस्टरवर त्याला आणि त्याच्या बायकोला गिरणीचा दवाखाना, औषध, आणि मोठे दुखणे असले तर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातली शस्त्रक्रिया, सगळे विम्याच्या खात्यावर. नाव मस्टरवरून गेले की विमा गेला. सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा होता, आणि हे वाक्य त्यांनी शेकडो माणसांना सांगितले होते. तेवढ्याच स्वच्छ, कोरड्या आवाजात. निवृत्त झालेल्या माणसांनाही. आपण त्या वाक्याच्या आतल्या बाजूला आहोत हे ज्याला कधी जाणवत नाही त्याचा आवाज तसाच येतो. फंडाची रक्कम म्हणावी तर बरीचशी शैलाच्या लग्नालाच उचलून झाली होती. उरलेली काल होमात तुपाबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीत गेले. त्यांच्या खुर्चीवर सहदेव बसला होता, अकोटकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यांनीच हाताखाली तयार केलेला. त्यांना पाहताच तो उभा राहिला. "या पंत, या! बसा, तुमचीच खुर्ची हाय." मग चेहरा पाहून त्याने दार लोटले. ऐकता ऐकता त्याने तोंडातले पान खिडकीबाहेर थुंकले आणि लाल झालेले ओठ मनगटाने पुसले. मोरोपंतांनी नजर खाली केली.

"काकूले?" सहदेव म्हणाला. "अरे देवा." तो पुढे वाकून हलक्या आवाजात बोलू लागला. "पंत, आयका. तुमाले मी आनखी दोन महिने हजेरीत चढवून देतो. म्हनीन, चार्ज देऊन राहिले हाये. डॉक्टरले सांगतो, तो चिठ्ठीवर ऑगस्टातली तारीख टाकते. आपलाच मानूस हाय. परवा काकू नागपूरच्या गाडीत."

"खोटी हजेरी लावायची?"

"तुमी कुठं लावता? लावून तं मी राहिलो. तुमी फक्त तिकडं पाहू नका."

"सहदेव, मी आजवर एका माणसाची..."

"मालूम हाय पंत, आख्ख्या गिरणीले मालूम हाय. म्हनून तं लोकं तुमाले भेत होते." तो हसला, मग हसू आवरले. "तुमी काहून एवढा इचार करून राहिले? काकू मोठी का मस्टर मोठं?"

मोरोपंत "उद्या सांगतो" म्हणून उठले. बाहेर आल्यावर त्यांना सहदेवाच्या लाल ओठांची, त्याच्या सलगीची, त्या 'आपलाच मानूस' शब्दांची शिसारी आली. चार पावलांवर ती शिसारी उलटून त्यांच्याच अंगावर आली. तो पोरगा आपली नोकरी त्यांच्या बायकोसाठी टांगणीला लावायला निघाला होता. घरी त्याला दोन लहान मुली होत्या. आणि आपण त्याच्या ओठांकडे पाहत होतो! नाही म्हणावे तर ते कोणासाठी? स्वतःच्या स्वच्छ हातांसाठी. हो म्हणावे तर उद्या चौकशी झाली की बुडायचे सहदेवाने आणि आपण घरी शाल पांघरून बसायचे. खोटेपणाची किळस आणि खरेपणाची किळस यांतली कोणती जास्त खरी हे त्यांना ठरवता येईना. जन्मभर आपण ज्याला सचोटी म्हणत आलो तो, धोतराला डाग पडू नये म्हणून रस्त्याच्या कडेने चालण्याचा प्रकार तर नव्हता?

परतीची वाट शेठजींच्या तेलगिरणीवरून होती. एकाच आवारात, मधे फक्त एक पडकी भिंत. सरकीचे तेल काढले की उरणारी पेंड इथल्या गोदामात साठवत. पावसाळ्यात ती आतून तापे, आंबे, आणि तिचा जड, खवट दर्प भिंतीपलीकडे येई. टाइमकीपर असताना इथली हजेरी घ्यायला ते आठवड्यातून एकदा येत आणि सगळा वेळ धोतराचा सोगा नाकाशी धरून उभे राहत. आताही हात सोग्याकडे गेला. गोदामाच्या दारात बायका आणि दोन म्हातारे फाटकी गोणपाटाची बारदाने मांडीवर घेऊन शिवत बसले होते. त्यांतला एक म्हातारा सत्तरीच्या पुढचा असावा. मोरोपंत थांबले. या म्हाताऱ्याला कोणी निवृत्त केले नव्हते. साठीची अट कारकुनांना, मिस्त्र्यांना. रोजंदारीच्या माणसाला वय कोणी विचारत नसे, तो पडेपर्यंत कामाचा. आणि विम्याचे पैसे त्याच्याही मजुरीतून कापले जात, म्हणून विमाही पहिल्या दिवसापासून. नियमच तसा होता. हा रस्ता पहिल्यापासून उघडा होता. गिरणीतल्या कोणा कारकुनाने तो कधी पाहिला नव्हता, कारण तो या दारातून जात होता.

ते बराच वेळ उभे राहिले. मग घरी गेले.

पितृपक्ष लागला त्या सकाळी भोंग्यानंतर त्यांनी दाढी केली, टोपीकडे हात नेला आणि या वेळी ती डोक्यावर घातली. ताराबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारले नाही.

"अगं माय, हे तं टायमवाले पंत!" गोदामाच्या दारात बायकांची म्होरकी जमुना ओरडली. "काय पंत, हजेरी घ्याले आले का?"

"नाही," मोरोपंत म्हणाले. "द्यायला."

बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या. मुकादम किसनराव धावत आला. "पंत, काहून गंमत करता गरिबाची? शेठले समजलं तं मले उभा जाळन."

"दिवसमजुराला वय विचारायचं नाही, किसनराव. नियम मीच तुम्हाला वाचून दाखवला होता. माणूस हवाय ना बारदानाला?"

"हवा तं हाय. पन तुमी..."

"मग नाव घ्या."

सहदेव मस्टर घेऊन आला तेव्हा मोरोपंत ओळीच्या शेवटी, त्या म्हाताऱ्याशेजारी बसले होते. तो दारातच थबकला. त्याचा चेहरा संतापल्यासारखा झाला, मग केविलवाणा. नावे घेत घेत तो शेवटी आला, मान वर न करता त्यांचे पूर्ण नाव उच्चारले, आणि उत्तर आल्यावर शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला. जाताना पुटपुटला, "मी होतो ना, पंत." मोरोपंतांना कळले की आपण त्याला दुखावले, आणि त्याची मदतही आपल्याला घेता आली नाही याचे मूळ त्या लाल ओठांत होते. हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि ठाऊक असून काही बदलत नव्हते.

"दाभन असं नाही धरत," जमुना म्हणाली. "जानव्याची गाठ नाही हे. बोट फोडून घेसान." आणि पुढच्या घटकेला त्यांनी खरोखरच बोट फोडून घेतले तेव्हा सगळ्या ओळीला मनसोक्त हसायला मिळाले. पहिले दोन दिवस ते दुपारी भिंतीमागे जाऊन ओकले. पेंडीचा दर्प घशात बसला होता, जेवणात येत होता, उशीला येत होता. म्हातारा म्हणाला, "होते होते. आठवड्यानं नाकच मरते." मोरोपंत त्या नाक मरण्याची वाट पाहू लागले. ते मेले नाही. फक्त त्याच्याकडे लक्ष न देणे जमू लागले, एवढेच.

गिरणीच्या डॉक्टरांनी नवे कार्ड पाहिले, ताराबाईंना तपासले, मोरोपंतांच्या शिवणीने चिरलेल्या बोटांकडे एकदा पाहिले आणि नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी देताना म्हणाले, "तुमचं नाव मस्टरवर असेपर्यंत हे चालेल. शस्त्रक्रिया, मग किरणं. दिवस लागतील. आणि उशीर झालाय, हे मी लपवत नाही." रोजंदारीच्या माणसाला रजा नव्हती. बसेल त्या दिवशीच त्याची हजेरी, आणि खाडा पडला की नाव मस्टरवरून जाई. म्हणजे ताराबाई तिकडे टेबलावर असतील तेव्हा मोरोपंतांनी इथे बारदानावर असायचे. शैलाला निरोप गेला. ती बडनेऱ्याला गाडीत चढणार होती.

निघायच्या सकाळी ताराबाई घडी बदलायला आतल्या खोलीत गेल्या तेव्हा मोरोपंत मागोमाग आत गेले आणि दार ओढून घेतले. ताराबाई पाठमोऱ्या झाल्या. "मी करते. तुम्ही जा." ते गेले नाहीत. कढवलेल्या पाण्याचे भांडे त्यांनी पुढे ओढले आणि जुनी घडी कडेने ओली करत सोडवायला घेतली. बोटे खरखरीत झाली होती. घशात आंबट पाणी आले. ते त्यांनी गिळले आणि पाहत राहिले. मांसाच्या कडा, मधला खड्डा, खालून अजून शाबूत असलेली, ओळखीची कातडी.

"वास येतो ना?" ताराबाईंनी भिंतीकडे पाहत विचारले.

"येतो," मोरोपंत म्हणाले.

ताराबाईंचे खांदे सैल पडले. इतक्या महिन्यांत त्या वासाबद्दल त्यांच्याशी कोणी खरे बोलले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याही अंगाला येतो. पेंडीचा."

"हं," मोरोपंत म्हणाले, आणि घडीवरून फडके दोनदा फिरवून गाठ बांधली. घट्ट नाही, सुटणारही नाही अशी.

रिक्षा दाराशी आली. त्यांनी ताराबाईंना हात देऊन वर बसवले, ट्रंक पायाशी लावली, सत्काराची शाल त्यांच्या गुडघ्यांवर पसरली. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. "स्टेशनावर येत नाही का बाबूजी?"

"जा तुम्ही," ताराबाई मोरोपंतांना म्हणाल्या. "गैरहजेरी लागेल."

रिक्षा वळणापलीकडे गेली. मोरोपंत झपझप चालत आवारात शिरले आणि ओळीच्या शेवटी आपल्या जागेवर बसले. सहदेवाने नाव घेतले, त्यांनी ओ दिली. स्टेशनच्या बाजूने गाडीची शिटी आली. शेजारच्या म्हाताऱ्याने तोंड वर केले. मोरोपंतांनी वर पाहिले नाही. त्यांनी दाभणात सुतळी ओवली आणि ढिगातले वरचे बारदान मांडीवर ओढले.